शटडाउननंतर पार्टिशनला डिस्क दिसेना: व्हर्च्युअल अडॅप्टर कसे तपासायचे

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र सर्व्हर चालतात, त्यांना पार्टिशन म्हणतात; त्यांना डिस्कशी जोडणारं आभासी कार्ड म्हणजे व्हर्च्युअल अडॅप्टर. आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तर पुढे वाचा.

- पार्टिशन चालू केलं, पण ते एसएमएसच्या (फर्मवेअरच्या बूट सेटिंगच्या) मेनूत येऊन बसतं. किंवा एचएमसीवर, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या कन्सोलवर, एए०६००११ हा कोड येतो आणि हलत नाही. या कोडचा अर्थ: फर्मवेअरला ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही आणि बूटलिस्टमधली निदान एक डिस्क त्याला दिसतच नाही.
- एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) उठतं, लॉगिन मिळतं, पण डेटाचा व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कचा गट) उघडत नाही. डेटाबेसवाले ओरडायला लागतात.
- सगळं चालू असतं, पण ‘एलएसपाथ’ मध्ये निम्मे पाथ (डिस्ककडे जाणारे रस्ते) फेल्ड किंवा मिसिंग दिसतात.
- चालू पार्टिशनला नवा अडॅप्टर द्यायला जावं तर एचएमसी एचएससीएल२९५७ म्हणून नकार देते.
- आतून, म्हणजे एआयएक्समधूनच, रीबूट केलं की वर्षभर काही होत नाही. पूर्ण बंद करून एचएमसीवरून चालू केलं की घोळ होतो.

हे सगळं आयबीएमच्या पॉवर सर्व्हरबद्दल आहे: पॉवरव्हीएम (पार्टिशनं पाडणारी सोय), एक एचएमसी, एक किंवा दोन व्हीआयओएस (बाकीच्यांना डिस्क पुरवणारी खास पार्टिशनं) आणि त्यांच्याखाली एआयएक्सची चार-सहा पार्टिशनं. इंदूर-पीथमपूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ईआरपीसाठी ही मांडणी मला पुन्हा पुन्हा भेटते आणि बिघाडही जवळजवळ तोच भेटतो. वेळही ठरलेली: दिवाळीचं शटडाउन, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणं, नाहीतर पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर वेळेवर उठला नाही ती रात्र. फोन येतो, “भिया, डिस्क उड गई!” डिस्क सहसा उडालेली नसते. ती स्टोरेजवर जागच्या जागी असते, फक्त तिच्यापर्यंत जाणारा पत्ता हरवलेला असतो. तोही बहुतेक वेळा एकाच कारणाने: चालू पार्टिशनकडे जे होतं ते प्रोफाइलमध्ये (पार्टिशनला काय काय द्यायचं याच्या एचएमसीवरच्या नोंदीत) कोणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या.

हात लावण्यापूर्वी

तीन गोष्टी करू नका. अडॅप्टर डिलीट करून नव्याने बनवू नका, विशेषतः फायबर चॅनेलचा; का ते पुढे येईल. व्हीआयओएसवर डिफाइन्ड अवस्थेत (नोंद आहे, उपकरण हजर नाही) पडलेली व्हीहोस्ट (व्हीआयओएसच्या बाजूचा अडॅप्टर) किंवा व्हीटीस्कझी (त्याच्याखालचं डिस्कचं मॅपिंग) उपकरणं ‘कचरा’ समजून काढू नका. आणि जी पार्टिशनं अजून बंद आहेत ती प्रोफाइल निवडून चालू करू नका. एचएमसीवर पार्टिशन चालू करताना ‘करंट कॉन्फिगरेशन’ असाही पर्याय असतो. तो निवडला तर बंद होण्यापूर्वी जे अडॅप्टर होते तेच परत मिळतात. प्रोफाइल निवडलं की ती चालू नोंद पुसली जाते आणि प्रोफाइलमधली जुनी नोंद तिच्या जागी बसते. पहिलं पार्टिशन अडकलं असेल तर उरलेली याच मार्गाने वाचतात. यावर एक पैसा खर्च होत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी.

१. व्हीआयओएस खरंच उठलाय का?

हसू नका. वीज आल्यावर सगळी पार्टिशनं एकदम चालू केली जातात आणि व्हीआयओएस त्यांच्याइतक्याच सावकाश उठतो. पार्टिशनची डिस्क त्याच्या मार्फत येते. तो तयार नसेल तर पार्टिशनच्या दृष्टीने डिस्क अस्तित्वातच नाही. एचएमसीवर ‘रनिंग’ दिसलं म्हणजे तो तयार झाला असं नाही. पीअ‍ॅडमिनने लॉगिन करा, ‘एलएसमॅप -ऑल’ चालवा; कोणत्या पार्टिशनला कोणती डिस्क जोडली आहे ते ही आज्ञा दाखवते. उत्तर आलं तर तो तयार. मग अडकलेलं पार्टिशन बंद करून पुन्हा चालू करा, ‘करंट कॉन्फिगरेशन’ने.

त्याच वेळी स्टोरेजची पेटीही बघा. सर्व्हर आणि स्टोरेज एकदम चालू केले तर व्हीआयओएस उठतो तेव्हा स्टोरेज अजून स्वतःच्या तपासणीत असतं, आणि व्हीआयओएसला त्याची एकही एचडिस्क (तिथे डिस्कला हेच नाव असतं) दिसत नाही. अशा वेळी व्हीआयओएसवर उपकरणं पुन्हा शोधणारं ‘सीएफजीडेव्ह’ चालवलं की डिस्क परत येतात. क्रम असा ठेवा: आधी सॅन (सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारं नेटवर्क) स्विच, मग स्टोरेज, मग व्हीआयओएस, शेवटी पार्टिशनं. हा कागद सर्व्हर रूमच्या दारावर आतून चिकटवा, कारण वीज येईल तेव्हा तिथे तुम्ही असालच असं नाही, नाइट शिफ्टचा इलेक्ट्रिशियन असेल.

२. एलएसमॅप नीट वाचा

‘एलएसमॅप -ऑल’ चं उत्तर लांबलचक येतं आणि लोक ते वरवर चाळतात. बघायच्या जागा मोजक्याच आहेत.

प्रत्येक व्हीहोस्टसमोर क्लायंट पार्टिशनचा आयडी असतो. पार्टिशन चालू असूनही तिथे शून्यच दिसत असेल, तर या अडॅप्टरला पलीकडून कोणी जोडलेलं नाही. दोष स्लॉटच्या जुळणीत आहे, चौथ्या तपासणीकडे जा.

आयडी बरोबर, पण खाली ‘नो व्हर्च्युअल टार्गेट डिव्हाइस फाउंड’ असं असेल, तर जोडणी झाली आहे आणि मॅपिंग नाही. दार आहे, पलीकडे खोली नाही.

मॅपिंग आहे पण स्टेटस ‘अव्हेलेबल’ नाही, किंवा बॅकिंग डिव्हाइसची जागा रिकामी आहे, तर खालची एचडिस्क व्हीआयओएसलाच दिसत नाही. मग दोष सॅनकडे, व्हर्च्युअल अडॅप्टरकडे नाही. इथेच दोन तास वाचतात, कारण लोक अशा वेळी व्हीहोस्ट मोडून पुन्हा बांधत बसतात आणि तिकडे फायबरची केबल सैल असते.

आणि ज्या व्हीहोस्टची अपेक्षा होती तो यादीत नसेलच, तर ‘एलएसडेव्ह -व्हर्च्युअल’ मध्ये शोधा. डिफाइन्ड म्हणून सापडला तर तो अडॅप्टर व्हीआयओएसच्या आठवणीत आहे, पण हायपरव्हायजरने (पार्टिशनांना सामान वाटून देणाऱ्या फर्मवेअरने) या वेळी त्याला दिलेला नाही. ही खूण लक्षात ठेवा, पाचव्या तपासणीत लागेल.

हे सगळं नुसतं वाचन आहे, काही बदलत नाही. म्हणून कितीही घाई असली तरी आधी हेच, आणि उत्तर फाइलीत साठवून ठेवा.

३. दोन्हीकडे पुन्हा शोधायला लावा

व्हीआयओएसवर ‘सीएफजीडेव्ह’, आणि एआयएक्स उठलं असेल तर त्यावर ‘सीएफजीएमजीआर’. मॅपिंग ताजं असेल आणि पार्टिशनने ते पाहिलेलंच नसेल, तर एवढ्याने भागतं. दोन मिनिटांचं काम, धोका नाही. नाही भागलं तर तीच आज्ञा पाचदा चालवून फरक पडत नाही.

४. स्लॉट जुळवा

व्हर्च्युअल स्कझीत, म्हणजे व्हीआयओएसमार्फत डिस्क देण्याच्या पद्धतीत, दोन टोकं असतात. व्हीआयओएसमध्ये सर्व्हर अडॅप्टर, पार्टिशनमध्ये क्लायंट अडॅप्टर. प्रत्येकाला स्वतःचा स्लॉट असतो, आणि प्रत्येकाकडे समोरच्याचा पार्टिशन आयडी व स्लॉट लिहिलेला असतो. या चार आकड्यांपैकी एक जरी चुकला तरी दोन्ही टोकं आपापल्या जागी ठणठणीत असतात, फक्त एकमेकांना भेटत नाहीत. आणि कोणी चूक दाखवतही नाही. नुसता स्लॉट सांगून भागत नाही. इंदुरात १०५ नंबरचं घर म्हटलं तर स्कीम ५४ की स्कीम ७८ हे विचारावंच लागतं, तसा स्लॉट ११ म्हटला की कोणत्या पार्टिशनचा हे सांगावंच लागतं.

बघायचं कुठे? डिव्हाइसच्या लोकेशन कोडच्या शेवटी व्ही आणि सी असे दोन भाग असतात. व्ही१-सी३१ म्हणजे आयडी १ असलेल्या पार्टिशनचा स्लॉट ३१. व्हीआयओएसवर ‘एलएसमॅप’ हा कोड दाखवतं, एआयएक्सवर ‘एलएससीएफजी’ दाखवतं. दोन्हीकडचे कोड कागदावर समोरासमोर लिहा. मग एचएमसीच्या कमांडलाइनवर ‘एलएसएचडब्ल्यूआरईएस’ ने व्हर्च्युअल स्कझी अडॅप्टरची यादी काढा: पार्टिशन, स्लॉट, प्रकार, समोरचा आयडी, समोरचा स्लॉट. पडद्यावरच्या खिडक्यांपेक्षा ही यादी बरी, कारण सगळे अडॅप्टर एका नजरेत येतात आणि दुहेरी नोंदी लगेच डोळ्यांत खुपतात.

दुहेरी नोंद म्हणजे काय? व्हीआयओएसच्या एकाच सर्व्हर स्लॉटकडे दोन पार्टिशनांची प्रोफाइलं बोट दाखवतात. प्रोफाइलची नक्कल करून नवं पार्टिशन बनवलं की असं होतं. जे आधी चालू झालं त्याला स्लॉट मिळतो, दुसरं उपाशी राहतं. रोजच्या कामात हे दिसत नाही, कारण दुसरं टेस्ट पार्टिशन असतं आणि नंतर चालू होतं. वीज गेल्यावर क्रम उलटतो, टेस्टवालं आधी उठतं आणि प्रॉडक्शन एसएमएसमध्ये अडकतं.

याचंच भावंड म्हणजे सर्व्हर अडॅप्टरवर ‘कोणतंही क्लायंट पार्टिशन’ अशी मुभा ठेवणं. सुरुवातीला सोयीचं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: इन्स्टॉलेशनच्या दिवशी वापरा, त्याच संध्याकाळी काढा आणि ठरावीक पार्टिशन, ठरावीक स्लॉट असं बांधा. नाहीतर कोणती डिस्क कोणाकडे जाते ते नशिबावर.

५. प्रोफाइल आणि चालू स्थिती यांतली तफावत

इथे थांबून नीट वाचा. मला बोलावणं येतं त्यातलं बहुतेक याच घरातलं असतं.

पार्टिशन चालू असताना अडॅप्टर जोडता येतो, त्याला डायनॅमिक एलपार म्हणतात (एलपार म्हणजे पार्टिशनच). तो लगेच काम करतो. डिस्क दिसते, ईआरपीवाले खूश, सगळे घरी जातात. पण तो अडॅप्टर फक्त चालू स्थितीत जोडलेला असतो. प्रोफाइल ही वेगळी नोंद आहे आणि ती आपोआप बदलेलच असं नाही. पार्टिशन आतून रीबूट केलं तर प्रोफाइल वाचलं जात नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं. महिने जातात. एक दिवस पार्टिशन पूर्ण बंद होतं, कोणीतरी एचएमसीवर प्रोफाइल निवडून चालू करतं, आणि मधल्या काळात जोडलेले सगळे अडॅप्टर गायब. बदल आखाडात केलेला, बिघाड दिवाळीत दिसतो, आणि तोवर बदल करणारा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

हीच गोष्ट व्हीआयओएसच्या बाबतीत जास्त महाग पडते. पार्टिशनला क्लायंट अडॅप्टर दिला, त्याचं प्रोफाइल साठवलं, आणि व्हीआयओएसचं प्रोफाइल विसरलं. मग व्हीआयओएस प्रोफाइलवरून उठला की सर्व्हर अडॅप्टर नाही. वरच्या दुसऱ्या तपासणीतली ती डिफाइन्डची खूण इथली.

तपासायचं असं. एचएमसीवर ‘एलएससिससीएफजी’ ने प्रोफाइलमधले व्हर्च्युअल स्कझी अडॅप्टर काढा. मघाची ‘एलएसएचडब्ल्यूआरईएस’ ची यादी शेजारी ठेवा. एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, अशी प्रत्येक ओळ म्हणजे उद्याचा बिघाड. पार्टिशनचं आणि व्हीआयओएसचं, दोन्हीचं करा. दोन व्हीआयओएस असतील तर दोन्हीचं.

दुरुस्ती: हरवलेला अडॅप्टर त्याच स्लॉट क्रमांकावर परत द्या, व्हीआयओएस चालू असेल तर डायनॅमिकच. मग ‘सीएफजीडेव्ह’. स्लॉट तोच असेल तर जुना व्हीहोस्ट डिफाइन्डमधून उठतो आणि त्याच्याखालचं मॅपिंगही परत येतं, कारण व्हीआयओएसने ते जपून ठेवलेलं असतं. यासाठीच ‘कचरा’ काढू नका म्हटलं. स्लॉट बदललात तर नवा व्हीहोस्ट तयार होईल आणि सगळं मॅपिंग हाताने बांधावं लागेल.

सगळं चालू झालं की चालू स्थिती प्रोफाइलवर साठवा. एचएमसीत त्यासाठी ‘सेव्ह करंट कॉन्फिगरेशन’ आहे. त्याहून बरं म्हणजे पार्टिशनच्या गुणधर्मांत प्रोफाइल आपोआप चालू स्थितीशी जुळवत ठेवण्याची सेटिंग असते, ती चालू करा. मी हात लावतो त्या प्रत्येक सर्व्हरवर ती चालू करून येतो. जुन्या लेखांतले एचएमसीचे पडदे शोधत बसू नका. आवृत्ती ९ पासून जुना क्लासिक इंटरफेस काढून टाकला आहे आणि पर्यायांच्या जागा बदलल्या आहेत. कमांडलाइन मात्र तीच राहिली.

डायनॅमिक होतच नसेल तर

एचएससीएल२९५७ म्हणजे एचएमसी आणि पार्टिशन यांच्यात आरएमसीची (एचएमसी ज्या मार्गाने पार्टिशनशी बोलते त्याची) जोडणी नाही. हा डिस्कचा दोष नाही, नेटवर्कचा आहे. एचएमसीवर ‘एलएसपार्टिशन -डीएलपार’ चालवा. ज्या पार्टिशनसमोर अ‍ॅक्टिव्ह शून्य दिसतं ते तुटलेलं. आधी एकमेकांना पिंग होतं का बघा, मग फायरवॉलमध्ये पोर्ट ६५७ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, दोन्ही दिशांनी उघडं आहे का. नवा फायरवॉल बसवल्यावर टीसीपी उघडून यूडीपी विसरणं ही नेहमीची गोष्ट. पार्टिशन दुसऱ्याची नक्कल करून बनवलं असेल तर दोघांचा नोड आयडी एकच राहतो आणि एचएमसी गोंधळते. तो नव्याने बनवायला ‘आरईसीएफजीसीटी’ आहे, पण क्लस्टरमधल्या मशीनवर किंवा शेअर्ड स्टोरेज पूल (अनेक व्हीआयओएसनी वाटून घेतलेला डिस्कचा साठा) असलेल्या व्हीआयओएसवर ती स्वतःच्या जबाबदारीवर चालवू नका.

६. स्लॉटची कमाल मर्यादा

क्वचित लागतं, लागलं की मात्र वेळ खातं. प्रत्येक पार्टिशनला जास्तीत जास्त किती व्हर्च्युअल अडॅप्टर हा आकडा प्रोफाइलमध्ये ठरलेला असतो, आणि स्लॉट ० व १ कन्सोलसाठी राखीव असतात. मर्यादेच्या वरचा स्लॉट डायनॅमिक देता येत नाही. आकडा वाढवला तरी पार्टिशन बंद करून प्रोफाइलवरून चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि प्रोफाइलवरून चालू करणं म्हणजे पाचव्या तपासणीतला धोका. म्हणून आधी साठवा, मग वाढवा, मग बंद-चालू करा. दोन व्हीआयओएस असतील तर एका वेळी एकच, आणि पहिला पूर्ण उठून पाथ परत आल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

७. दोन व्हीआयओएस आणि अर्धे पाथ

एक पाथ मिळतो, दुसरा मिळत नाही. इथे तीन जागा बघायच्या.

पहिली, रिझर्व्ह पॉलिसी. एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन्ही व्हीआयओएसना दिलेला असतो. एचडिस्कची पॉलिसी ‘सिंगल पाथ’ असेल तर जो व्हीआयओएस आधी डिस्क उघडतो तो तिच्यावर कुलूप घालतो आणि दुसऱ्याला ती उघडता येत नाही. दोन्हीकडे ती ‘नो रिझर्व्ह’ हवी, आणि ती मॅपिंग करण्यापूर्वी बदलायची. मॅपिंग झाल्यावर बदलायची तर कायमच्या नोंदीत बदलून त्या व्हीआयओएसचं रीबूट लागतं.

दुसरी, नावांवर विश्वास. पहिल्या व्हीआयओएसची एचडिस्क४ ही दुसऱ्यावरही एचडिस्क४ असेलच असं नाही. शोधण्याच्या क्रमावर नंबर पडतात. डिस्कचा युनिक आयडी जुळवा, ‘सीएचकेडेव्ह’ किंवा ‘एलएसडेव्ह’ तो दाखवतं. ही पायरी गाळली तर एका पार्टिशनच्या पाथवर दुसऱ्याच पार्टिशनची डिस्क जाऊ शकते. मॅपिंग बांधणारी ‘एमकेव्हीडेव्ह’ अशा वेळी कुरकुर करते की ही डिस्क वापरात आहे. तिथे जबरदस्तीचा ‘-एफ’ लावायचा मोह होतो. लावू नका. ती कुरकुर ही शेवटची राखण आहे. एक डिस्क दोन पार्टिशनांनी एकदम लिहिली तर फाइलसिस्टिम नासते, आणि तिथून परत यायला फक्त बॅकअप उरतो.

तिसरी सौम्य: व्हीआयओएस अपडेटनंतर उठला, सगळं ठीक, तरी क्लायंटवर त्या बाजूचे पाथ फेल्डच. जुन्या एआयएक्सवर व्हर्च्युअल डिस्कचा हेल्थ चेक इंटरव्हल शून्य असतो, म्हणजे मेलेला पाथ जिवंत झाला का हे कोणी पाहतच नाही. तो ६० करा. तोवर ‘सीएचपाथ’ ने हाताने चालू करा. हे न करता दुसरा व्हीआयओएस बंद केला तर दोन्ही पाथ गेले, आणि भर दिवसा प्रॉडक्शन आडवं.

याच ओघात क्यू डेप्थबद्दल, म्हणजे एका डिस्कच्या रांगेत एका वेळी किती आज्ञा राहू शकतात त्याबद्दल. व्हर्च्युअल स्कझीच्या एका क्लायंट अडॅप्टरकडे ५१२ आज्ञांची जागा असते. दोन अडॅप्टरसाठी जातात, आणि प्रत्येक डिस्कला तिची क्यू डेप्थ अधिक तीन लागतात. क्यू डेप्थ ३ असेल तर ५१० भागिले ६, म्हणजे ८५ डिस्क बसतात. वेग वाढवायला कोणी ती २० केली तर २३ ने भागायचं, २२ डिस्कवर जागा संपते. तेविसावी नीट येत नसेल तर हा हिशेब करून बघा.

८. फायबर चॅनेल, म्हणजे एनपीआयव्ही

या पद्धतीत पार्टिशन व्हीआयओएसच्या फायबर पोर्टमधून थेट स्टोरेजशी बोलतं. इथे मॅपिंग डिस्कचं नसतं, पोर्टचं असतं. पार्टिशनच्या प्रत्येक व्हर्च्युअल फायबर अडॅप्टरला सी०५०७ पासून सुरू होणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनची (फायबर पोर्टच्या एकमेव नावांची) जोडी मिळते, आणि स्टोरेज त्या नावानेच पार्टिशनला ओळखतं.

‘एलएसमॅप -ऑल -एनपीआयव्ही’ बघा. लॉग्ड इन दिसतंय तरी डिस्क नाही, तर झोनिंग (स्विचवर कोणाला कोण दिसावं याची आखणी) किंवा स्टोरेजवरचं होस्ट मॅपिंग तपासा. नॉट लॉग्ड इन असेल तर ‘एलएसएनपोर्ट्स’ मध्ये त्या पोर्टची फॅब्रिक किंमत १ आहे का बघा. पोर्ट वर असूनही शून्य असेल तर स्विच पोर्टवर एनपीआयव्ही बंद आहे. पोर्टच खाली असेल तर केबल किंवा एसएफपी (केबल जिच्यात बसते ती छोटी डबी). केबल आधी, तीच स्वस्त.

आता अडॅप्टर डिलीट का करायचा नाही ते. डिलीट करून नवा बनवला की नवी जोडी मिळते. जुनी हायपरव्हायजर पुन्हा देत नाही. स्टोरेजवर जुन्याच नावाचं मॅपिंग असतं, आणि पार्टिशन त्याच्यासाठी अनोळखी होतं. याहून फसवा प्रकार म्हणजे अडॅप्टर डायनॅमिक जोडायचा आणि मग प्रोफाइलमध्ये त्याच स्लॉटवर तोच हाताने लिहायचा. वाटतं तोच आहे, पण प्रोफाइलमधल्याला वेगळी जोडी मिळालेली असते. शटडाउननंतर नाव बदलतं. फायबरच्या बाबतीत प्रोफाइल कधीही हाताने लिहू नका, चालू स्थिती साठवा.

जुनी नावं कुठे लिहून ठेवलेली असतील तर वाट आहे: एचएमसीच्या कमांडलाइनवरून प्रोफाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूपीएन स्वतः देता येतात. ती नसतील तर सॅन स्विचच्या झोनमध्ये आणि स्टोरेजच्या होस्ट यादीत ती सापडतात.

जोडीतलं दुसरं नावही झोन करा. ते एरवी गप्प असतं, पण पार्टिशन चालू ठेवून दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना तेच लागतं. स्विचवर दिसत नाही म्हणून सॅनवाले ते टाळतात. एचएमसीवरची ‘सीएचएनपोर्टलॉगिन’ त्या नावांना तात्पुरतं लॉगिन करवते, मग झोनिंग करणाऱ्याला ती समोर दिसतात.

इथे थांबा

पुढचं दिसलं की की-बोर्डवरून हात उचला आणि सपोर्टला फोन करा.

एकाच लनवर दोन पार्टिशनांनी लिहिल्याचा संशय आहे. दोन्ही बंद करा, फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ चालवू नका. आधी स्टोरेजवर त्या लनची प्रत घ्यायला सांगा.

व्हीआयओएस स्वतःच उठत नाही. त्याच्या डिस्कचा बॅकअप परत घालणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे, रात्री दोनला शिकायचं नाही.

सर्व्हरवर पिवळा दिवा आहे, किंवा फायबर कार्डाच्या चुका ‘एररलॉग’ मध्ये पुन्हा पुन्हा येतात. कार्ड आयबीएमच्या किंवा तुमच्या एएमसीच्या इंजिनिअरने बदलायचं.

स्विच तुमच्या ताब्यात नाही. झोनिंग बदलून झोनसेट चालू करताना एक चूक झाली तर सगळ्या सर्व्हरची डिस्क एकदम जाते. ज्याचा स्विच त्यालाच बोलवा.

आणि बॅकअप कधीचा आहे हे कोणालाच सांगता येत नसेल, तर पाचव्या तपासणीपुढचं काहीही एकट्याने करू नका.

इंजिनिअर पुष्कळदा बाहेरगावाहून येतो, त्याची वाट बघताना रिकामे बसू नका. दोन्ही व्हीआयओएसवर निदानाची माहिती गोळा करणारी ‘स्नॅप’ चालवा, फाइल पीअ‍ॅडमिनच्या घरच्या फोल्डरमध्ये पडते. ‘एलएसमॅप’ चे दोन्ही प्रकार, ‘आयओएसलेव्हल’ चं उत्तर (व्हीआयओएसची आवृत्ती), एचएमसीवरच्या दोन्ही याद्या, आणि शेवटचा बदल कोणी काय केला होता हे साध्या शब्दांत. हे तयार असेल तर फोनवरच अर्धं काम होतं आणि कधी कधी त्याला गाडीत बसावंच लागत नाही.

स्लॉटची वही

नव्याने मांडणी करणाऱ्यांसाठी, मी पाळतो तो नियम. पार्टिशनच्या आयडीला दहाने गुणा. पहिल्या व्हीआयओएसच्या स्लॉटसाठी १ मिळवा, दुसऱ्याच्या २. आयडी ३ चं पार्टिशन: पहिल्या व्हीआयओएसवर स्लॉट ३१, दुसऱ्यावर ३२, आणि पार्टिशनच्या आतही तेच ३१ आणि ३२. दोन्ही टोकांना एकच आकडा आला की चुकीची जोडी बघताक्षणी कळते. कमाल अडॅप्टरचा आकडा सुरुवातीलाच ऐसपैस ठेवा. मॅपिंगची नावं व्हीटीस्कझी० अशी न ठेवता पार्टिशन आणि वापर यांवरून द्या, म्हणजे ‘एलएसमॅप’ वाचणाऱ्याला वही उघडावी लागत नाही. ‘व्हीआयओएसबीआर’ ने मॅपिंगचा बॅकअप दर बदलानंतर घ्या आणि तो व्हीआयओएसच्या बाहेर ठेवा. आतच ठेवलेला बॅकअप नेमक्या गरजेच्या रात्री वाचता येत नाही.